साडेचौदा किलोंची बॅग

रिकामी बॅग उचलली की माणसाचा खांदा खोटं बोलतो. वजनमामांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं नाटकांचं आणि मालिकांचं सामान वाहता वाहता त्यांच्या हातांनाच ते समजलं होतं. नट कितीही मोठा असो, तोंडाने तो राजा होईल, डोळ्यांनी भिकारी होईल, पण रिकाम्या बॅगेला भरलेली म्हणायला गेला की त्याचा खांदा फितूर होतो. रिकामी बॅग अलगद खाली टेकते. भरलेली बॅग शेवटच्या वितीला हातातून सुटते आणि भुईला आपटते. मामांचं सगळं लक्ष त्या शेवटच्या वितीवर असायचं.

खरं नाव त्यांना होतंच, पण ते आता कागदांपुरतं उरलं होतं. सेटवर सगळे त्यांना वजनमामा म्हणत. मालिकेत जी वस्तू हाताळली जाते, ती सगळी मामांच्या ताब्यात: कप, छत्र्या, चाव्या, बूट, आजोबांची काठी. कपात चहा दाखवायचा तर मामा खरा चहा ओतायचे. पत्र वाचायचं असेल तर पाकिटात लिहिलेला कागद घालायचे, कारण कोऱ्या कागदावर डोळे ओळीने फिरत नाहीत, नुसते भिरभिरतात. लोक हसायचे. पण मामांनी सुटी घेतली की त्या दिवशीचं चित्रीकरण फुसकं निघायचं, आणि मग कुणी हसायचं नाही.

मालिका एका कुटुंबाची होती. आई, बाप, आजोबा आणि एक मुलगी. गावातलं घर मोडून चौघं परदेशात जातात आणि तिथे पहिल्यापासून संसार मांडतात, एवढीच गोष्ट. ती गोष्ट एका पत्र्याच्या गोदामात घडत होती. मधोमध दोन खोल्या उभ्या केल्या होत्या, प्रत्येकीला तीनच भिंती. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा. खिडकीबाहेर कापडावर छापलेला एक लांब रस्ता टांगलेला होता, दोन्ही बाजूंना उंच घरं आणि पांढरी झाडं. बर्फ म्हणजे थर्माकोलचा भुगा. तो मामा चाळणीने चाळून घ्यायचे, म्हणजे एकसारखा पडतो.

त्या दोन खोल्यांना सगळे परदेश म्हणत.

"मामा, परदेशात झाडू मारला का?"

"मामा, परदेशात पाल निघाली!"

"तिचे कागद बघ आधी," मामा सामानाच्या कपाटातूनच म्हणायचे. "नसतील तर हाकल."

आवाज नीट यावा म्हणून पंखे बंद ठेवावे लागत. दिव्यांखाली जाड कोट घालून नट थंडीने कुडकुडायचे, आणि रंगभूषेवाली बाई रुमाल घेऊन त्यांच्यामागे फिरत बडबडायची, "कुडकुडा म्हणे! माझी पावडर वाहून गळ्यापर्यंत आली, आणि म्हणे कुडकुडा!"

मामा रोज सकाळी नऊला परदेशात जायचे आणि सहाला घरी परतायचे.

आता इथे सांगायला हवं की मामांचं अर्धं घर खरोखरच परदेशात होतं. मामी तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात परिचारिका होत्या. तीन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन त्या पुढे गेल्या. मामांनी तीन महिन्यांनी जायचं असं ठरलं होतं. मामींनी निघण्याआधी स्वतःच्या हाताने नवऱ्याची बॅग भरली, म्हणाल्या, "तुमच्यावर सोडलं तर शर्टात शर्ट कोंबाल." तपकिरी रंगाची बॅग, एक चाक जरा घासणारं, आणि मुठीला लाल फितीची गाठ, म्हणजे गर्दीत ओळखू यावी. ती बॅग दाराजवळ खुंटीखाली उभी राहिली.

तीन महिन्यांचे सहा झाले, वर्ष झालं. कागद अडकले. कुठे शिक्का हवा, कुठे दुसराच शिक्का. मामा कामाला जाताना बॅगेला वळसा घालून बाहेर पडायचे आणि येताना वळसा घालून आत शिरायचे. सुरुवातीला ते तिच्यापाशी दोन मिनिटं थांबायचे. मग थांबणं बंद झालं. फार वेळ एकाच पायावर बसल्यावर पाय जसा आपला वाटेनासा होतो, दुखतही नाही आणि हलतही नाही, तसं ते होतं. मामा रडले नाहीत, आजारी पडले नाहीत, व्यसन लागलं नाही. भाजी आणली, कपडे वाळत घातले, रविवारी फोनवर बोलले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मजेत."

मालिका सुरू झाली ती त्याच सुमाराला. पहिलाच मोठा प्रसंग असा: दार उघडतं, बाप हातात बॅग घेऊन परदेशातल्या घरात पहिलं पाऊल टाकतो. बापाचं काम करणारे नट जुने, रंगमंचावर मुरलेले. तरी दिग्दर्शक ओरडले, "बॅग रिकामी दिसतेय!"

मामांनी विटा भरल्या. ध्वनीवाला कानावरचे ठोकळे काढून म्हणाला, "मामा, ह्यांच्या बॅगेत घर बांधताय का? खडखड वाजतंय."

मामांनी रद्दी भरली. वजन झालं, पण सगळं तळाशी बसलं, आणि बॅगेचं पोट आत गेलं. माणूस घर सोडून निघतो तेव्हा त्याच्या बॅगेचं पोट आत गेलेलं नसतं. फुगलेलं असतं, चेन एका जागी अडलेली असते, ती गुडघा टेकून ओढलेली असते. दुसऱ्या दिवशी मामा घरून आपली बॅग घेऊन आले. साडेचौदा किलो.

नटाने ती उचलली. डावा खांदा खाली गेला, मान किंचित उजवीकडे झाली, चाक घासलं, आणि दारातून एक खराखुरा दमलेला बाप आत आला. बॅग शेवटच्या वितीला सुटून खाली आपटली. दिग्दर्शक म्हणाले, "हीच."

नटाने मामांना कोपऱ्यात गाठलं. "काय आहे हो आत?"

"बापाचं सामान," मामा म्हणाले.

घरी दाराजवळ फरशीवर एक स्वच्छ चौकोन उमटला होता, बाकी फरशीपेक्षा उजळ. मामा बरेच दिवस त्यालाही वळसा घालून जात राहिले.

पुढे कागद सुटले. परवानगीचं पत्र आलं, तेव्हा मालिकेचे सत्तर भाग झाले होते आणि बॅग त्यातल्या चाळीसेक भागांत कुठे ना कुठे दिसत होती: पलंगाखाली, दारामागे, बाप रागावून निघून जायला लागतो तेव्हा त्याच्या हातात.

"अहो, आता निघा," मामी फोनवर म्हणाल्या.

"बॅग कंटिन्युइटीत आहे," मामा म्हणाले.

"कशात?"

"म्हणजे मागच्या प्रसंगात दिसली की पुढच्या प्रसंगातही दिसायला हवी. मध्येच नाहीशी करता येत नाही."

मामी खूप हसल्या. "बरं झालं, मी मालिकेत नव्हते. नाहीतर मलाही सोडलं नसतंत."

त्या पत्राची मुदत संपली. मामींनी पुन्हा अर्ज भरला, पुन्हा रांगा लावल्या, पुन्हा पत्र आलं. या वेळी मामा म्हणाले, "बॅग अजून..." आणि मामी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तारीख सव्वीस आहे. सव्वीसच्या आत तुम्ही इथे उतरला नाहीत, तर मी पुन्हा कागद भरणार नाही. रागाने सांगत नाही. दमले मी."

मामांनी सव्वीस तारखेला पेन्सिलने गोल केला. दुसरी बॅग घ्यायला दहा मिनिटं पुरली असती, बाजार कोपऱ्यावर होता. हे मामांना कळत होतं, जसं लांबच्या कुणाचं दुखणं आपल्याला कळतं तसं.

मग तो प्रसंग लिहून आला. मालिकेतला बाप शंभरेक भाग परत जायच्या गोष्टी करतो. नोकरी मिळत नाही, भाषा जमत नाही, बॅग उघडलेलीच नाही. एका दुपारी तो काही न बोलता ती उघडतो, एकेक वस्तू बाहेर काढून घरात लावतो, आणि शेवटी म्हणतो, "इथेच राहायचं."

"मामा, आत काय काय ठेवाल ते बघा," दिग्दर्शकांनी आठ दिवस आधी सांगितलं. "काहीही चालेल, चार कपडे वगैरे."

आठ दिवस हातात होते. सामानाच्या कपाटात पुरुषी शर्टांचा ढीग होता. मामांनी यादीही केली: शर्ट तीन, टॉवेल एक, दाढीचं सामान. यादी खिशात राहिली. त्यांनी बॅगेतलं सामान बदललं नाही. का नाही बदललं, हे त्यांना त्या दिवशीही सांगता आलं नाही आणि नंतरही. बॅगेचं पोट बदलेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

चित्रीकरणाच्या दिवशी मामा कॅमेऱ्याच्या मागे, नेहमीच्या जागी, हातात रुमाल घेऊन उभे राहिले. बाप पलंगावर बसला. मालिकेतली मुलगी जमिनीवर बसून चित्र काढत होती. चेन अडली. बापाने गुडघा टेकून ती ओढली.

आधी शर्ट निघाले, घडीवर घडी. मग राखाडी स्वेटर, मामींनी विणलेला, एक बाही बोटभर लांब. मामींनी ती उसवून पुन्हा विणते म्हटलं होतं, मामा म्हणाले होते, राहू दे, तो हात लांबच आहे माझा. मग कागदात गुंडाळलेले लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे, एक डझन. पहिल्याच आठवड्यात मामींनी फोनवरून सांगितलं होतं, इथले चिमटे कपड्याला दात लावतात, येताना आपले आणा; आणि मामांनी ते बॅगेच्या कडेला खुपसले होते. मग मामींचा विसरलेला चष्मा. आणि तळाशी कापडी पिशवीत लाल बुटांचा जोड, मुलीसाठी. तोही मामांनीच ठेवलेला, मुलीला फोनवर दाखवून.

नटाला यातलं काही माहीत नव्हतं. पण माणूस मुरलेला. चिमटे हातात घेऊन तो थबकला, एक चिमटा उघडून मिटून पाहिला. मग बूट काढले, तळहातावर ठेवले आणि मुलीपुढे धरले. हे लिहिलेलं नव्हतं.

मुलीने बूट पाहिले, आपले पाय पाहिले. खऱ्या पोरीसारखी म्हणाली, "बाबा, हे तर लहान आहेत."

हेही लिहिलेलं नव्हतं. कुणी थांबवलं नाही. नट बराच वेळ बुटांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "इथेच राहायचं."

टाळ्या झाल्या. रंगभूषेवाली बाई स्वतःच्याच रुमालाने डोळे पुसत होती. दिग्दर्शकांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "काय डोकं लावलंत मामा! लहान बूट! लेखकाला नसतं सुचलं."

"हो," मामा म्हणाले.

"आणि त्या स्वेटरची बाहीसुद्धा? अहो, काय ही बारकाई!"

"हो."

मामांनी पुढे होऊन रिकामी बॅग उचलली आणि पुढच्या प्रसंगासाठी खोलीतल्या कपाटावर चढवली. ती इतकी सहज वर गेली की त्यांचा तोल गेला आणि ते भिंतीवर आदळले. भिंत प्लायवूडची, हलली. खिडकीबाहेरचा रस्ताही हलला.

आठवड्याने तो भाग दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला फोन वाजला. तिकडे सकाळ होती. फोनवर मुलगी होती.

"बाबा, त्या टीव्हीतल्या मुलीने माझे बूट घेतले?"

"घेतले नाहीत. तिला होत नाहीत ते."

"मलाही होत नाहीत आता. आई म्हणाली, ते मी सहा वर्षांची असतानाचे आहेत. बाबा, मला आता कितीचे लागतात सांगा बघू?"

समोर सामानाच्या कपाटाचं दार उघडं होतं. मालिकेतल्या बापाला आठ नंबर. आईला पाच. आजोबांना सात, पण डाव्या पायात गादी घालावी लागते. मालिकेतल्या मुलीला तीन, आणि स्वस्त कंपनीचे बूट असले तर साडेतीन. हे सगळं त्यांना पाठ होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"तीन?" मामा म्हणाले.

"चूक!" मुलगी आनंदाने ओरडली. तिला तो खेळ वाटला होता. "अजून एकदा!"

मामांच्या पायात मुंग्या आल्यासारखं काहीतरी झालं. त्यांनी पाय बदलला. "तूच सांग."

"नाही सांगणार. ओळखा." आणि फोन आईच्या हातात देऊन ती शाळेची तयारी करायला पळाली.

"माझे चिमटे पाहिले," मामी म्हणाल्या.

"हो."

"सगळ्या जगाने पाहिले माझे चिमटे. चष्मासुद्धा. वर्षभर शोधला मी तो."

"सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी." तिकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता. "तो माणूस बरा आहे, तुमचा तो नट. बाही हातावर घेऊन बघत होता. मला वाटलं, आता घालतो की काय. तुमच्यासारखाच बसला होता, खांदा पाडून."

"वजनामुळे."

"बॅग तर रिकामी झाली होती तोवर."

मामांनी समोरच्या कपाटाचं दार लोटलं.

"तारीख सव्वीस आहे," मामी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आणि बॅग?"

"कपाटावर. कंटिन्युइटीत."

"मग बॅगेला राहू दे तिथे," मामी म्हणाल्या, जशा आश्रमातल्या एखाद्या म्हाताऱ्याला म्हणत असतील तशा, न रागावता, न गोंजारता. "तुम्ही या."

त्या दिवशी मामांनी चहाचे कप आधी विसळले. मग निर्मिती सांभाळणाऱ्या बाईंना जाऊन सांगितलं, "मी बावीस तारखेला निघतो."

"कुठे?"

"परदेशात."

बाई मान वर न करता म्हणाल्या, "मग जाताना पडदे बदला, मळलेत." मग मान वर केली. "अय्या! खऱ्या परदेशात?"

जायच्या आदल्या दिवशी मामा दोन खोल्यांतून फिरले. तिथे सगळं लावलेलं होतं. खुंटीवर राखाडी स्वेटर, लांब बाही खाली आलेली. फळीवर लाल बूट. मालिकेतली आई कधीमधी मामींचा चष्मा लावून पत्र वाचायची. खोलीला जोडलेल्या गॅलरीच्या दोरीवर बारा चिमटे. मामांचं सामान त्यांच्या आधी पोचून, लावून, राहायला लागलं होतं.

कंटिन्युइटीची वही लिहिणारी मुलगी खुर्चीवर बसली होती. कुठल्या प्रसंगात काय कुठे होतं, हे ती वहीत लिहून ठेवायची. "ताई," मामा म्हणाले, "हे सामान माझं आहे. घरचं."

"कुठलं?"

"हे सगळं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे पाहिलं. विनोद करताहेत का, असं तिला क्षणभर वाटलं असावं. मग चेहरा पडला. "मामा, आधी का नाही बोललात? आता सगळं दिसलंय हो. स्वेटर काढला तर लोक विचारतील, स्वेटर कुठे गेला. बूट काढले तर मुलगी रडेल असं पुढे लिहिलंय."

"असू दे," मामा म्हणाले. "मी मागत नाही. नुसतं सांगितलं. तुझ्या वहीत असावं."

ते गॅलरीत गेले. दोरी ताणलेली होती का ते पाहिलं. बर्फाचा भुगा दोरीवरून झटकला. टोकाचा एक चिमटा काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. वहीवाली बघत होती. तिने वहीचं पान उलटलं, चिमट्यांपुढचा बाराचा आकडा खोडला आणि अकरा लिहिला.

बावीस तारखेला मामा घरून निघाले तेव्हा अंगात चांगला शर्ट होता, खिशात पत्र आणि तो चिमटा होता, आणि हात मोकळे होते. आनंद झाला होता का? दाराला कुलूप लावताना त्यांनी तो शोधून पाहिला. सापडला नाही. दुःखही सापडलं नाही. दाराजवळच्या चौकोनावर मात्र बाहेर पडताना त्यांनी वळसा न घालता सरळ पाय दिला होता.

विमानतळावरच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिले, शिक्का पाहिला, तारीख पाहिली.

"सामान?"

"नाही."

"काहीच नाही?" बाईंना खरं वाटेना. एवढ्या लांब, राहायला चाललेला माणूस. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि काउंटरवरून वाकून मामांच्या डाव्या बाजूला खाली बघू लागल्या. मामांचा खांदा अजून तिकडे झुकलेला होता.

मामांनीही वाकून बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "मुलीच्या पायाचं माप तेवढं घ्यायचंय. ते तिकडेच आहे."